हुंगणारा मेहुणा

थोरल्या नातीला मुलगा झाला, म्हणजे मी पणजी झाले, त्या वर्षी माझ्या धाकट्या भावाला ताप यायला लागला. तो लाकडी सामानाला पॉलिश करायचा. लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची आणि बोळ्यानं लाकडावर फिरवत राहायचं, हा जन्मभराचा धंदा. कपड्यांना, केसांना, सगळ्याला स्पिरिटचा वास. दारूला मात्र त्यानं कधी हात लावला नाही.

ताप उतरेना. अंगावर मांस राहिलं नाही, पोट तेवढं उजवीकडे वर आलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यकृत सुजलंय, पण गाठ कुठे दिसत नाही. सुईनं तुकडा काढून तपासू. उशीर करू नका, जिवावर बेतेल."

यकृत म्हटल्याबरोबर भावजयीचा भाऊ पुढे सरसावला. आजाऱ्याच्या तोंडाशी वाकून त्यानं कुत्र्यासारखं हुंगलं.

"आ करा, भाऊजी. बघा ताई, वास! सुई कशाला टोचायची? रोग मला कळला."

"अहो, तो शर्टाचा वास आहे," मी म्हटलं.

"तुम्ही बहीण, तुम्ही झाकणारच."

भावजयीनं त्याचंच ऐकलं. सुई राहिली बाजूला आणि भावाची रवानगी दारू सोडवायच्या केंद्रात झाली.

मी भेटायला गेले तर तो पिवळाधमक, ओकारीनं माखलेल्या सतरंजीवर बसलेला. मला शिसारी आली, पण त्या ओकारीची नव्हे.

"ताई, सगळ्यांपुढे 'मी दारुडा' म्हणायला लावतात. काल म्हणून टाकलं. त्याशिवाय झोपू देत नाहीत." मग हसला. "स्पिरिट पाजलं लाकडाला, झिंगलो मी!"

मी त्याला तसाच उचलून दवाखान्यात नेला. सुई टोचली, तेव्हा कळलं. लिम्फोमा, पांढऱ्या पेशींचा कर्करोग. पण या जातीत गाठ होत नाही. बिघडलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या आतच वाढतात. भावाच्या यकृतातल्या वाहिन्या त्यांनी गच्च तुंबल्या होत्या. क्वचितच कुणाला होतो, दारूशी संबंध नाही, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. औषध सुरू केलं, पण ते सोसायची ताकद आता उरली नव्हती.

"तरी थोडी घेतच असणार," मेहुणा बाहेरच्या बाकावर पुटपुटला.

भाऊ पॉलिशचा बोळा वाळू नये म्हणून डबीत बंद ठेवायचा. ती डबी मी मुद्दाम आणली होती. झाकण काढून मेहुण्याच्या नाकाशी धरली.

"हुंगा. पोटभर हुंगा."

त्याचे डोळे चमकले. "हाच वास! म्हणजे डबीत लपवत होते तर!"

मी झाकण लावलं आणि आत जाऊन भावाजवळ बसले.

पणतू रांगायला लागला त्या आठवड्यात, ऑगस्टच्या सात तारखेला, गुरुवारी दुपारी माझा धाकटा भाऊ वारला.