पंधरा मिनिटांचं भांडण

शिवणकामात माझ्या नणंदेचा हात धरणारं कोणी नाही, आणि भांडणातही नाही. पण मानेतली चकती सरकली, मज्जारज्जूवर दाब आला आणि तिच्या उजव्या हातातली ताकद महिन्याभरात निघून चालली. आधी सुईत दोरा जाईना, मग कात्री धरवेना. मणक्याचे सर्जन म्हणाले, ऑपरेशन लवकर करा, नाहीतर गेलेली ताकद परत येणार नाही.

तारीख तीनदा ठरली आणि तीनदा रद्द झाली, कारण तिचं रक्त गोठायला फार वेळ लागत होता. ज्या तपासणीत इतरांचं रक्त तीस-पस्तीस सेकंदांत गोठतं, तिथे तिचं अठ्ठ्याण्णव सेकंद घ्यायचं. आणि हे आकडे कळवणारी मीच. त्याच हॉस्पिटलच्या रक्ततपासणी विभागात मी बावीस वर्षं काम करते. "घरचा भेदी" हे नाव मला तेव्हाच पडलं.

खरं तर तिची दोन बाळंतपणं झाली, अक्कलदाढ काढली, कात्रीने बोटं शंभर वेळा कापली. जास्त रक्त कधी गेलं नाही. मी हे सर्जनना सांगितलं.

"बाई, मज्जारज्जूपाशी थोडंसं रक्त साठलं तरी हातपाय कायमचे जातील," ते म्हणाले. "कारण कळल्याशिवाय मी सुरी लावणार नाही."

माणूस बरोबर बोलत होता, म्हणून मला जास्तच राग आला. रक्त गोठवणारे नेहमीचे सगळे घटक आम्ही तपासले होते. एकातही खोट नव्हती.

चौथ्यांदा तिचं रक्त घेतलं त्या दिवशी आमचं मशीन बंद पडलं होतं, म्हणून मी तपासणी हाताने करायला घेतली. रक्तातला पिवळा द्रव वेगळा करायचा, त्यात पांढऱ्या मातीचं द्रावण घालायचं, नळी कोमट पाण्यात तीन मिनिटं ठेवायची, मग कॅल्शियम टाकून सेकंद मोजायचे. तीन म्हणजे तीनच मिनिटं. यावरून मी भल्याभल्यांना रडवलं आहे.

नळी पाण्यात ठेवली आणि मागे वळते तो दारात नणंदबाई.

"माझं रक्त चांगलं आहे. तुमच्या नळ्याच घाण आहेत!"

"ताई, इथे आत यायचं नसतं."

"का? बिंग फुटेल? बावीस वर्षं नळ्या हलवतेस आणि घरच्या माणसाचं रक्त गोठवता येईना तुला!"

मग मीही तोंड सोडलं. लग्नापासूनचं सगळं उकरून निघालं, तिने मुद्दाम घट्ट शिवलेल्या माझ्या कोटासकट. बोलता बोलता ती एकदम थांबली आणि तिने उजवा हात माझ्यापुढे धरला.

"बघ, मूठ वळत नाही. शिवता आलं नाही तर मी कोण गं उरले?"

ती बाहेर बाकावर जाऊन बसली.

घड्याळ पाहिलं तर पंधरा मिनिटं होऊन गेलेली. नियमाप्रमाणे ती नळी फेकून द्यायची. पण डोकं ठिकाणावर नव्हतं, मी तशीच कॅल्शियम टाकून बसले. रक्त चौतीस सेकंदांत गोठलं.

नळीवरचं नाव मी तीनदा वाचलं. मग नव्या नळ्या घेतल्या. तीन मिनिटं ठेवली तर सत्त्याण्णव सेकंद, दहा मिनिटं ठेवली तर एकोणसाठ, पंधरा ठेवली तर पस्तीस! आणि शिकताना वाचलेलं एक पान मला आठवलं.

नळीत रक्त गोठायला सुरुवात होते तेव्हा कॅलिक्रिन नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, त्या कामाला वेग देतं. ते ज्यातून बनतं तो पदार्थच एखाद्याच्या रक्तात जन्मतः नसेल, तर काम रेंगाळतं, पण वेळ दिला की पुरं होतं. अंगावर जखम झाली की मात्र रक्त दुसऱ्या वाटेने गोठतं, कॅलिक्रिनसाठी अडून बसत नाही. म्हणजे उशीर आमच्या नळीत होत होता. ताईच्या अंगात नव्हता!

मी आकडे दाखवले तेव्हा आमचे विभागप्रमुख म्हणाले, "वेळ चुकली ना तुमची? तसं लिहा आणि टाकून द्या."

"चूक माझीच आहे, साहेब. पण उत्तर खरं आहे. बसा समोर, करून दाखवते."

ते स्वतःचं घड्याळ हातात धरून बसले. तिन्ही नळ्या झाल्यावर उठले आणि मोठ्या प्रयोगशाळेला त्यांनी स्वतः फोन लावला. आठ दिवसांनी तिथून उत्तर आलं: कॅलिक्रिन ज्यातून बनतं तो पदार्थ एक टक्क्याहूनही कमी. सर्जननी कागद दोनदा वाचला.

"उद्या सकाळी पहिलं ऑपरेशन हिचंच," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चार तास मी दाराबाहेर उभी होते. सर्जन बाहेर आले तेव्हा मी तिची तब्येत विचारायच्या आधी विचारलं, "रक्त किती गेलं?"

"चहाचा कप भरला नसता," ते म्हणाले आणि हसले. मला तिथल्या तिथे ओरडावंसं वाटलं, आणि मी ओरडलेही.

दोन महिन्यांनी ताई पुन्हा माझ्या खोलीत शिरली. मी काही बोलायच्या आत तिने माझा हात आपल्या उजव्या हातात घेतला आणि असा आवळला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"ताई, सोडा! बोटं मोडाल!"

"मोडू देत," ती म्हणाली, आणि आणखी जोरात दाबला.

पुढचे दोन दिवस मला नळी नीट धरता येत नव्हती. कोणी कारण विचारलं की मी मान ताठ करून सांगायचे, नणंदेने हात दाबला.