देवीचा थेंब

मुलांनो, माझ्याबरोबर पालीच्या बाजारात चला. डोळे मिटू नका, मिटलेत तर वाचणार कसे? सुक्या मासळीच्या पाट्या मागे टाका, आणि त्या रिकाम्या गाळ्यापाशी माना उंच करून उभे राहा. दिसली गर्दी? आत भगव्या चादरीवर बसलेत ते महिपतबाबा. रांगेत शेवटी एक मुलगी आत्याचा पदर धरून उभी आहे, ती आपली सानिका.

बाबा एकच रोग बरा करत: अंगावर उगवलेलं काहीही. चामखीळ, तीळ, मस, गाठ, त्यांना सगळं सारखंच.

"चामखीळ म्हणजे काय?" बाबा गरजले. "मागच्या जन्मी तुम्ही कुणाला टोचलंत, तो खिळा या जन्मी बाहेर आला! देवीचा थेंब पडला की खिळा गळला!"

"गळलाच," शेजारच्या शकूकाकीनं मान पुढे करून दाखवली. तिथे चामखिळीच्या जागी काळपट लाल चट्टा होता. "आग आग झाली, फोड आला, मग खपली पडली. देवीनं ऐकलंन गो, काशी!"

"जळतं ते पाप!" बाबा म्हणाले. "पाप ओलं असतं, वेळ घेतं."

काशीआत्यानं हात जोडले. तिच्या टाचेवर एक काळा डाग होता. आधी तिळाएवढा, कुणाच्या लक्षातही न येणारा. पण यंदा तो पसरला, एका बाजूनं निळसर झाला, आणि लावणीत चिखलातून पाय काढला की त्यातून रक्त यायचं. आत्यानं हे फक्त सानिकाला सांगितलं होतं. सानिकाला आई नव्हती, आत्याच होती. म्हणून बाबांचं काम नीट व्हावं, असं रांगेत सगळ्यांत जास्त तिलाच वाटत होतं. ती डोळे फाडून पाहत होती.

बाबांनी आधी हातांना खोबरेल चोळलं. त्यावर विभूती थापली. मग करवंटीचं झाकण काढून काडीनं काळा थेंब उचलला. बायकांनी नमस्कार केला.

सानिका कुजबुजली, "आत्ये, ओले काजू सोलायच्या आधी तू हाताला काय लावतेस?"

"खोबरेल नि राख. नायतर चीक लागून हाताची सालं जातात. आता गप."

"आणि बाबांनी काय लावलं?"

"विभूती."

"आणि?"

"खोब..." आत्या बोलता बोलता थांबली.

गंमत बघा. त्या रांगेतल्या प्रत्येक बाईनं काजूच्या दिवसांत अगदी हेच केलेलं होतं. पण तीच राख भगव्या चादरीवर बसली, आणि कुणालाही ओळखता आली नाही.

"बाबा," सानिका मोठ्यानं म्हणाली, "हात धुऊन एक थेंब तुमच्या गालावर लावा ना!"

"पोरी, माझ्या अंगावर पापच नाही!"

"मग तर काहीच जळणार नाही. लावा!"

कुणीतरी फिसकन हसलं. बाबा करवंटी झाकायला गेले, पण शकूकाकी पुढे होती. तिनं वास घेतला नि किंचाळली, "अगो, हे काजूच्या टरफलाचं तेल! मेल्या, माझी मान भाजलीस!"

एवढंच होतं देवीच्या थेंबात. त्या तेलानं कातडी भाजते, खपली धरते आणि गळते. चामखीळ नसती तर तिथली चांगली कातडीही अशीच गळाली असती. बाबांनी चादर गुंडाळली, आणि पाप सुकायला लागतो त्यापेक्षा बऱ्याच कमी वेळात ते दिसेनासे झाले.

आत्यानं सुटकेचा निःश्वास टाकला. "भोंदू निघाला, बरं झालं. चल घरी."

"आत्ये, बाबा खोटा होता. डाग खरा आहे."

सानिकानं तिला ओढतच सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे आत्या पाय पदराखाली लपवून बसली, तेव्हा सानिकानं आपलं कोपर पुढे केलं. "डॉक्टरबाई, आधी माझा तीळ बघा."

"कधीपासून आहे? वाढला? रंग बदलला?"

"जन्मापासून. तस्साच आहे."

"मग त्याला सुखानं राहू दे. बहुतेक तीळ, चामखिळी, मऊ गाठी काही करत नाहीत. पण एखादी वाढू लागली, रंग बदलला, कडा वाकड्या झाल्या, रक्त आलं किंवा जखम भरेना, तर वाट बघायची नाही. आणि जाळायची, कापायची, केसानं बांधायची तर मुळीच नाही. वरचं गळून जातं, आतलं वाढत राहतं, आणि आम्हाला ओळखायला खूणच उरत नाही."

आत्यानं हळूच पाय वर केला. डॉक्टरबाईंनी टाच बराच वेळ पाहिली.

"काय आहे ते तुकडा तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. पण लवकर कळलं तर लवकर काढता येतं. रत्नागिरीला मोठ्या दवाखान्यात चिठ्ठी देते. आजच जा."

"आज? भात कापणीला आलंय, गुरं आहेत... पुढच्या आठवड्यात जाऊ."

मुलांनो, चमत्कार दाखवणाऱ्याला प्रश्न विचारा, हे मी तुम्हाला सांगणारच. पण उत्तर मिळाल्यावर जागचं हलायलाही लागतं.

बाहेर रत्नागिरीच्या एसटीचा हॉर्न वाजला. सानिका धावत सुटली, दाराच्या दांडीला दोन्ही हातांनी लोंबकळली आणि ओरडली, "काका, घंटी मारू नका! माझी आत्या चप्पल घालतेय!"