ताईसाहेबांची तीनपदरी माळ

राजवाड्याची पुढची बाजू सरकारने कचेरीसाठी घेतली त्याला आता जमाना लोटला होता. जिथे पूर्वी मानाचे पाहुणे उतरायचे, तिथे लोक जमिनीचे नकाशे मागायला रांगा लावत होते. मागच्या अंगाच्या चार खोल्या तेवढ्या ताईसाहेबांकडे राहिल्या, आणि त्यांतल्या एका खोलीत चौदा खणांचं दागिन्यांचं कपाट. शेवटच्या राजाची ही धाकटी मुलगी. वय वर्षं ब्याऐंशी. तिने लग्न केलं नाही, देश सोडला नाही, आणि त्या कपाटाची किल्ली सहसा कुणाच्या हाती दिली नाही.

मोतीवालीच्या हाती मात्र दिली. मोतीवाली म्हणजे मोती ओवणारी बाई. तिची आई हेच काम करायची. आईचे डोळे अधू झाले तेव्हा सुई लेकीकडे आली, त्याला तेहेतीस वर्षं झाली. मोत्यांचा रेशमी दोरा वर्षाकाठी बदलावा लागतो. घामाने तो मळतो, सैल पडतो आणि नेमका नको तिथे दगा देतो. म्हणून दर वर्षी ती आठवडाभर खिडकीपाशी बसायची, एकेका मोत्यामागे एकेक गाठ मारायची, आणि समोरच्या खुर्चीत बसून ताईसाहेब एकेक खण उघडत गप्पा मारायच्या.

"हा मुकुट बघ. दिसायला देखणा, पण कानामागे असा टोचतो म्हणून सांगू! सगळा समारंभ मी दात आवळून काढला. पेपरवाल्यांनी छापलं, राजकन्या प्रसन्न दिसत होत्या."

मोडकं कंकण आलं की म्हणायच्या, "हे आईचं. याला हात लावू नकोस. मीच दारावर आपटून मोडलं, आणि आई रागावली नाही. जन्मात तेवढी एकदाच रागावली नाही."

तीनपदरी मोत्यांची माळ मात्र खणात कधी नसायची. अठराव्या वर्षी वडिलांनी दिलेली ती माळ ताईसाहेबांच्या गळ्यातच असायची, पेपर वाचताना, भाजी निवडताना, ताप आला तरी.

पाच वर्षांपूर्वी त्यांनी वकिलाला बोलावून घेतलं. आपण विसरायला लागलोय हे सगळ्यांच्या आधी त्यांचं त्यांनाच कळलं होतं. कागद त्यांनी स्वतः सांगून लिहून घेतला. मला कळेनासं झालं असं दोन डॉक्टरांनी लिहून दिलं, की सगळे दागिने लिलावात काढा. त्यातून माझी शुश्रूषा करा, उरेल ते मुलींच्या शाळेला द्या. एक साक्षीदार वकिलाने बरोबर आणला होता. दुसरी खिडकीपाशी बसलेली मोतीवालीच होती.

"कर गं सही."

"ताईसाहेब, विकायचेच तर आत्ताच का नाही?"

"आत्ता मला कळतंय ना! कळत असताना मला ते बघवणार नाही. नंतर काय, डोळ्यांदेखत नेले तरी मला पत्ता नसेल."

बोलणं चोख होतं. मोतीवालीने सही केली.

पण झालं ते भलतंच. ताईसाहेब घरचं सगळं बघणाऱ्या भाच्याला विसरल्या, सकाळी जेवल्या की नाही ते विसरल्या, न्हाणीघराचं दार कुठे ते विसरल्या. दागिने मात्र विसरल्या नाहीत. रोज सकाळी नर्सकडून खण उघडून घ्यायच्या आणि मुकुटाची, कंकणाची, प्रत्येक अंगठीची गोष्ट एक शब्द इकडचा तिकडे न होऊ देता सांगायच्या. दिवसातला तो एकच तास त्या पूर्वीच्या ताईसाहेब असायच्या.

दोन डॉक्टर आले, त्यांनी लिहून दिलं. मग लिलाव कंपनीची पारखी आली. तिने फोटो काढले, वजनं केली, आणि जाताना सांगितलं, की माळ अख्खी जाणार नाही. वरच्या पदराचे मोती एकसारखे आहेत, खालच्यांचे नाहीत. तीन पदर सुटे केले तर तिन्हींना गिऱ्हाईक मिळेल.

भाच्याने मोतीवालीला स्वयंपाकघरात बोलावलं. तो वाईट माणूस असता तर बरं झालं असतं, निदान चार शब्द सुनावता आले असते. पण तो गणिताचा निवृत्त मास्तर, साधासुधा. नर्स सुट्टीवर असली की आत्याला स्वतःच्या हाताने भरवायचा.

"बाई, ते काम तुम्हीच कराल का? तुमच्या गाठी तुम्हालाच ठाऊक. दुसरं कुणी कात्री लावायचं आणि मोत्याला चरा जायचा."

"साहेब, त्यांना दागिन्यांतलं सगळं आठवतंय हो."

"मला माहीत आहे."

"मग डॉक्टरांना सांगितलं का नाही?"

"सांगितलं. ते म्हणाले, वार कोणता ते सांगता येत नाही, घरातलं माणूस ओळखत नाही, आणखी काय बघायचं?" त्याने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "दागिन्यांना हात लावू नका असं रोज म्हणते ती आत्या, आणि जिने नेटाने लिहून ठेवलं तीही आत्याच. मी कुणाचं ऐकू, तुम्हीच सांगा."

मोतीवालीने तिथूनच वकिलाला फोन लावला. थोडं थांबता येणार नाही का, म्हणून विचारलं. वकील समजुतीच्या सुरात म्हणाला, "कागद पक्का आहे हो. साक्षीदार तर तुम्हीच आहात."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती नेहमीच्या खिडकीपाशी बसली. ताईसाहेबांचा चेहरा फुलला. माणूस ओळखलं नसेल, पण मखमलीचं ताट, चिमटा, रेशमाची लड हे सगळं ओळखलं.

"दोरा बदलायला आलीस?"

"हो, ताईसाहेब."

"पांढरंशुभ्र रेशीम घे हो. गेल्या खेपेला पिवळट होतं."

ते खरंच पिवळट होतं. मोतीवालीला वाटलं होतं, कुणाच्या लक्षात येणार नाही. तिने माळ त्यांच्या गळ्यातून काढून घेतली आणि कडीपाशी कात्री लावली. पहिला पदर सुटला, मग दुसरा. हात कापत नव्हते याचीच तिला लाज वाटली. सवयीचे हात, ते आपले काम करत राहिले.

"आज तीन डब्या कशाला गं?"

"पदर एकमेकांत गुंतू नयेत म्हणून."

तेहेतीस वर्षांत ती ताईसाहेबांशी पहिल्यांदा खोटं बोलली.

"लवकर आण. गळा उघडा उघडा वाटतो."

लिलाव झाला. तीन पदर तीन शहरांना गेले, मुकुट कुणा संग्रहालयाने घेतला, आणि आईचं मोडकं कंकण नुसत्या सोन्याच्या वजनावर गेलं. कपाट जड म्हणून जागच्या जागीच राहिलं. ताईसाहेब रिकामे खण ओढून बघायच्या, चोरी झाली म्हणून ओरडायच्या. एकदा त्यांनी नर्सला तिची पिशवी जमिनीवर उलटी करायला लावली. ती बिचारी रुमाल, चाव्या, अर्धं बिस्किट गोळा करून जी गेली, ती परत आली नाही.

मग भाच्याने नकली मोती आणले, चांगल्यापैकी, दिसायला तंतोतंत. मोतीवालीने ते आठ दिवस बसून ओवले. गाठी तशाच, रेशीम पांढरंशुभ्र, कडीसुद्धा तशीच घडवून घेतलेली. ताईसाहेबांनी माळ हातात घेतली, डोळे मिटले आणि एक मोती हलकेच दातांवर घासला. खरा मोती दाताला बारीक रेतीसारखा खरखरतो. हा काचेसारखा घसरला.

"ही माझी नाही," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "कुणाच्या तरी माळेशी अदलाबदल झालीय तुझ्याकडून. अगं, ती बाई काळजीत असेल. आधी तिला नेऊन दे."

"देते, ताईसाहेब."

"आणि तोंड पाडू नकोस असं. कामाच्या रगाड्यात होतं." त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "माझी कधी आणशील?"

"पुढच्या आठवड्यात."

पुढच्या आठवड्यात मोतीवाली रिकाम्या हातांनी गेली. न जाणं तिला जमलं नाही. रेशीम आलं नाही, सुई मोडली, डोळे दुखत होते, दर आठवड्याला नवी सबब. ताईसाहेब प्रत्येक सबब खरी मानायच्या आणि एक हात गळ्यावर ठेवून, बरं बरं, म्हणायच्या. घरी परतताना मोतीवालीला वाटायचं, यांना एकदाची ती माळ विसरू दे. एवढंच होऊ दे.

सात महिन्यांनी एका सकाळी ती जाऊन बसली. नव्या नर्सने चहा आणून दिला. ताईसाहेब खिडकीबाहेर, कचेरीच्या रांगेकडे बघत होत्या. दोन्ही हात मांडीवर निवांत. त्यांनी काही विचारलं नाही. चहा संपला, तरी नाही. ठरवून आणलेली सबब मोतीवालीच्या ओठांवर तशीच राहिली.

शेवटी तिलाच राहवेना. "ताईसाहेब, तुमची माळ..."

त्यांनी वळून बघितलं. परक्या माणसाशी बोलावं तसं अदबीने हसल्या.

"कसली माळ?" म्हणाल्या, आणि पुन्हा रांगेकडे बघू लागल्या.