टाकीवरचं घर

अल्बन पेनिस्टनने बेक्वे बेटावर बांधलेल्या घराला एकतीस पायऱ्या आहेत, आणि त्यातली प्रत्येक पायरी त्याच्या तहानेने चढवलेली आहे.

मी हे उगाच म्हणत नाही. इंग्लंडातल्या हाय विकम गावच्या खुर्च्यांच्या कारखान्यात मी सत्तावीस वर्षं हजेरी लिहिली. कोण किती उशिरा आला हे वहीत असायचं आणि खरं कशामुळे आला ते माझ्या डोक्यात. अल्बन पॉलिश खात्यात होता. तिथली माणसं दुपारी खोकत बाहेर यायची, पण हजेरीत खोकल्यासाठी रकाना नव्हता.

बार्बाडोसपलीकडच्या त्या चिमुकल्या बेक्वेला नदी नाही. छपरावर पडेल तेवढंच पाणी, आणि ते साठवायचं घराखालच्या टाकीत. टाकी हाच घराचा पाया. तिच्या डोक्यावर माणसं राहतात. अल्बन सात वर्षांचा असताना एक वर्ष कोरडं गेलं. आईने त्याला डबा देऊन टेकडीवरच्या एका बाईकडे पाठवलं. बाईने डबा पाहिला, मुलाला पाहिलं आणि दार लावून घेतलं. तेव्हापासून बेक्वेतली सगळ्यात मोठी टाकी आपली असणार, एवढं त्याचं ठरलं होतं. इंग्लंडहून तो भावाला, एव्हरार्डला, पत्रं लिहायचा : ‘अजून दोन फूट वर घे.’ टाकी वर गेली की घर वर, आणि घर वर गेलं की पायऱ्या. एकोणीस वर्षं हे चाललं.

“तुझ्या बार्बाडोसला नळ आहेत, गिटन्स. तुला नाही कळायचं,” तो डॉमिनोच्या टेबलावर म्हणायचा.

“नळ आहेत, कारण आमचं बेट आहे. तुमच्याकडे नकाशावर एक माशी बसली होती, ती उडायची राहिली.”

“त्या माशीवर माझं घर आहे. तुझं काय आहे?”

माझं काहीच नव्हतं, म्हणून मी सोंगटी टेबलावर आपटायचो.

घर अखेर पूर्ण झालं. त्याच हिवाळ्यात त्याच्या बायकोचं, एल्मिनाचं, खुब्याचं ऑपरेशन झालं. एल्मिना तीस वर्षं इस्पितळात रात्रपाळी करून आलेली बाई. दुसऱ्याला उचलायची सवय, स्वतः उचलून घ्यायची नाही. विकमच्या घरात तिचा पलंग माडीवरून खाली, समोरच्या खोलीत आणला. महिन्याभराने अल्बननेही आपला पलंग खाली आणला, तिला एकटं वाटू नये म्हणून. चाळीस वर्षं नवऱ्याचं घोरणं ऐकलेल्या बाईला एकटं काय वाटणार, असं माझ्या मनात आलं होतं. पण मी ते प्रेमाच्या खात्यात टाकलं आणि पुढे गेलो.

सप्टेंबरात त्यांच्या विकमच्या घराला गिऱ्हाईक मिळालं, एक तरुण दंतवैद्य. किंमत चांगली बोलला, पण शुक्रवार दुपारी बारापर्यंत हो किंवा नाही सांगा म्हणाला, नाहीतर शेजारच्या गल्लीतलं घर घेईन. हे घर विकल्याशिवाय तिकडे जाऊन राहायला जमणार नव्हतं. आणि सत्तरी गाठलेल्या माणसांना ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणायची चैन परवडत नाही.

एल्मिनाला जायचं होतं. तिची बहीण तिथे होती, आईची कबर तिथे होती, आणि सकाळी खिडकीतून समुद्र दिसावा एवढी एकच गोष्ट तिने इंग्लंडात चाळीस वर्षं मागितली होती. पण एकतीस पायऱ्या!

मी एक उपाय सुचवला. “टाकीला दार पाड. खाली खोली कर. प्रश्न मिटला.”

अल्बनने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या पाण्यात मोजे धुवायला निघालोय. “आणि प्यायचं काय? तुझी अक्कल?”

“ती फार दिवस पुरायची नाही,” एल्मिना आतून म्हणाली.

मग त्यानेच तोडगा काढला. स्टेशनामागे लोखंडी पूल आहे, त्याला अठ्ठावीस पायऱ्या. शुक्रवारच्या आत एल्मिना तो पूल चढली तर घर विकायचं, नाही चढली तर नाही. उरलेल्या तीन पायऱ्यांचं तिथे गेल्यावर बघू.

त्या सोमवारपासून रोज सकाळी दहाला आम्ही तिघं पुलाशी. व्यवस्था ठरलेली : एल्मिना कठडा धरून चढणार, मी तिच्या मागे एक पायरी सोडून, आणि अल्बन खाली उभा राहून मोठ्याने आकडे मोजणार. उतरताना तिला दोन्हीकडून आधार लागायचा, एका हाताला कठड्याचा आणि दुसऱ्याला माणसाचा. चढण्यापेक्षा उतरण्याची भीती तिला जास्त होती.

सोमवारी अकरा. मंगळवारी सोळा. बुधवारी एकोणिसाव्या पायरीवर ती थांबली आणि भिंतीशी बोलावं तसं म्हणाली, “गिटन्स, ह्या माणसाने एकोणीस वर्षं घर बांधलं, आणि आता माझ्या एका हाडासाठी त्याला इथेच मरावं लागणार.”

“असं का बोलतेस?”

“मग कसं बोलू? गाऊन दाखवू?”

खालून अल्बन ओरडला, “एकोणीस! थांबलीस का? वीस म्हणायला मी तयार आहे!”

“तू म्हण वीस! तुला काय, तोंडच चालवायचंय!”

गुरुवारी ती चढली. मी अतिशयोक्ती करत नाही. बाविसावर मला वाटलं संपलं, पंचविसावर तिने देवाचं नाव घेतलं आणि सव्विसावर माझं, ते मात्र प्रार्थनेच्या सुरात नव्हतं. अठ्ठाविसावी पायरी चढून ती वर उभी राहिली. हॅट वाकडी, चेहरा घामाने चकाकणारा, आणि हसू असं की लग्नाच्या फोटोतही मी तसं पाहिलं नव्हतं.

“अल्बन! ये वर! आपल्या बायकोला बघायला ये!”

तो खालून हात हलवत राहिला.

“हात काय हलवतोस, मी काय बोटीतून चाललेय? ये!”

मी वरूनच पाहत होतो. त्याने कठडा धरला. पहिल्या पाच पायऱ्या तो ऐटीत चढला. सातवीवर बुटाची नाडी बघितली. नवव्या पायरीवर मागे वळून स्टेशनाकडे पाहिलं, जणू कोणाची तरी वाट बघायची होती. बाराव्या पायरीवर तो बसला.

“छत्री विसरलो,” तो म्हणाला. त्याची छत्री त्याच्या हातात होती.

सत्तावीस वर्षं उशिराची कारणं ऐकलेला माणूस मी. पण त्या क्षणी माझ्या सगळ्या जुन्या नोंदी एकदम जागेवर आल्या : खाली आणलेला पलंग, रोज खाली उभं राहून मोजणं, डॉमिनो खेळताना दोन वाक्यांमध्ये तो घ्यायचा तो लांब श्वास, जो मला नेहमी डावपेच वाटायचा. आठवडाभर सगळं विकम एल्मिनाच्या खुब्याची चौकशी करत होतं. हा कधी जिना चढतो का, हे कोणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.

ती वर उभी, हाताशिवाय उतरू न शकणारी. तो बाराव्या पायरीवर बसलेला, वर येऊ न शकणारा. मधे मी. खालून एक गाडी धडधडत गेली, तेवढा वेळ कोणालाच बोलावं लागलं नाही, आणि तिघांनाही ते बरं वाटलं असावं.

“कधीपासून?” गाडी गेल्यावर एल्मिनाने विचारलं.

“दीड वर्ष. डॉक्टर म्हणतो, छाती पॉलिशची झाली आहे. आतून चकचकीत असेल.”

“आणि मला पायऱ्या चढायला लावल्यास?”

“मला वाटलं, तू चढणार नाहीस,” तो म्हणाला.

तिने वाकडी झालेली हॅट सरळ केली. मी तिला हात दिला, आणि आम्ही एकेक पायरी उतरत त्याच्यापर्यंत आलो. मला वाटलं ती त्याला ओलांडून जाईल. ती त्याच्याजवळ थांबली, पण बसली नाही. बसली असती तर तिला उठवणं माझ्या एकट्याच्या हातचं नव्हतं.

“मी वाईट माणूस नाही गं,” तो म्हणाला.

“मी कुठे म्हटलं? ऊठ. लोक बघतायत.”

शुक्रवारी साडेअकराला त्यांनी मला बोलावून घेतलं. समोरच्या खोलीत दोन पलंग, मधल्या तिपाईवर फोन.

“तू सांग दंतवैद्याला,” अल्बन एल्मिनाला म्हणाला.

“तू सांग. घर तुझं आहे.”

“दोन्ही घरं तुझी आहेत, एल्मिना. चढलीस तू.”

“मी तिथे वर बसू आणि तू खाली टाकीपाशी? दोरीने तुझा चहा सोडू?”

त्याला हसू आलं आणि हसण्याचा खोकला झाला. खोकला थांबेपर्यंत ती पलंगाची कड घट्ट धरून बसली.

पावणेबाराला फोन वाजला. एव्हरार्ड होता, बेक्वेहून. एवढा मोठ्याने बोलत होता की आम्हा तिघांनाही ऐकू येत होतं. तीन दिवस पाऊस लागला होता. टाकी भरली होती, पहिल्यांदाच काठोकाठ. वरच्या नळीतून पाणी बाहेर पडून टेकडीवरून वाहत होतं. खालच्या वाडीतली माणसं डबे घेऊन आली होती, त्यांना काय सांगू?

अल्बनने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“भरू दे त्यांना,” तो म्हणाला. “कोणाला नाही म्हणू नकोस.”

“आणि तुम्ही? कधी येताय?”

अल्बनने फोन एल्मिनाकडे दिला. तिने तो कानाला लावला आणि ती म्हणाली, “लाइन खराब आहे, एव्हरार्ड. नंतर बोलते.” लाइन अगदी स्वच्छ होती.

बारा वाजले तेव्हा फोन पुन्हा वाजला.

“गिटन्स, तू उचल,” अल्बन म्हणाला.

“काय सांगू?”

त्याने एल्मिनाकडे पाहिलं. एल्मिनाने माझ्याकडे. नऊ वेळा वाजला तोवर माझा हात तिपाईवर होता. चौदाव्यांदा वाजून तो थांबला.

“शेजारच्या गल्लीतलं घर वाईट नाही,” एल्मिना म्हणाली. “बाग बारीक आहे, पण त्याला चालेल.”

ती पलंगाच्या कडेला हात टेकून उठायला लागली. अल्बनने तिला हात दिला, आणि तो देताना त्यालाच कडेचा आधार घ्यावा लागला.