बस सुरू झाली, अशी बातमी आहे

कम्युनिटी कॉलेजच्या वार्तापत्रात पहिल्या पानावर 'बातम्या' असत आणि शेवटच्या पानावर 'आगामी कार्यक्रम'. दोन्हीकडे मजकूर साधारण एकच. शेवटच्या पानावर जो कार्यक्रम व्हायचा असे, तो पहिल्या पानावर झालेला असे, आणि तोही उत्साहात.

यात लबाडी नव्हती, अडचण होती. छापखानेवाला महिन्याच्या मध्यावर मजकूर मागायचा आणि कॉलेजचे सगळे समारंभ महिनाअखेरीला यायचे. समारंभ होऊन मग बातमी लिहायची म्हटलं, तर ती पुढच्या महिन्यात छापून येणार. वार्तापत्र काढणाऱ्या बातमीबाईंना शिळी बातमी खपत नसे. म्हणून त्या बातमी आधीच लिहून मोकळ्या होत.

बातमीबाई या खरं तर कचेरीतल्या कारकून. प्रवेश देणं, ओळखपत्रं करणं, हरवलेल्या छत्र्या सांभाळणं ही त्यांची नेमणुकीची कामं. वार्तापत्र त्यांनी हौसेनं अंगावर घेतलं होतं, आणि आता ते काढून घ्यायची कुणाची छाती नव्हती.

नवल असं की इतक्या वर्षांत त्यांची एकही बातमी खोटी ठरली नव्हती. याचं श्रेय त्या स्वतःकडे घेत नसत, आणि खरोखर ते त्यांचं नव्हतंच. कॉलेजच तसं गुणी होतं. दिवसभर बेकरीच्या भट्टीसमोर उभं राहून संध्याकाळी हिशेबनीस व्हायला येणारे, ट्रकचं चाक सोडून केस कापायची कात्री धरणारे, नातवाशी तोडीस तोड भांडता यावं म्हणून संगणक शिकणाऱ्या आजीबाई, अशी इथली मंडळी. दमूनभागून येत, पण येत. त्यांना एखादी गोष्ट करायची आहे एवढं कळलं की पुरे. शिवणवर्गाच्या प्रदर्शनाला 'अलोट गर्दी' झाल्याचं पहिल्या पानावर वाचलं, की सुतारकामाचा वर्ग करवती खाली ठेवून गर्दी करायला जाई. एकदा लांबण लावण्याबद्दल नावाजलेले एक वक्ते प्रमुख पाहुणे होते. भाषणाला उठण्यापूर्वी त्यांनी सहज अंक चाळला. 'पाहुण्यांनी मोजक्या शब्दांत शुभेच्छा दिल्या' हे वाचून ते क्षणभर गोरेमोरे झाले, मोजक्या शब्दांत शुभेच्छा दिल्या आणि खाली बसले. टाळ्यांचा कडकडाट झाला. तोही अंकात होताच.

आता बसचं.

कॉलेजच्या मागच्या अंगणात एक जुनी बस उभी होती. कुणीतरी ती देणगी म्हणून दिली होती, म्हणजे त्याच्या अंगणात ती अडत होती. मोटार दुरुस्तीचे मास्तर आणि त्यांचा वर्ग तिच्यामागे लागले होते. हे मास्तर म्हणजे बातमीबाईंचे यजमान. घरातला नळ 'बघतो' म्हटल्यापासून अखंड गळत होता, पण बसच्या इंजिनाची मास्तर जावयासारखी बडदास्त ठेवत.

त्याला कारण होतं. मास्तरांची धाकटी बहीण शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहायची. दिवसभर लाँड्रीत इस्त्री करायची आणि संध्याकाळी रुग्णसेवेच्या वर्गाला यायची. वर्ग रंगात आलेला असतानाच तिकडे जाणारी शेवटची सिटीबस निघे. मग ही पिशवी उचलून धावत सुटे. तिच्याबरोबर निम्मा वर्ग धावे. त्यामुळे तिला सगळं येत होतं, पण पहिल्या अर्ध्यापर्यंत. पट्टी गुंडाळता यायची, बांधून संपवता यायची नाही. रोग्याला कुशीवर वळवता यायचं, पुन्हा पाठीवर आणायचं ते बस गेल्यावर शिकवत.

"वहिनी, परीक्षेला अर्धाच पेशंट आला तर मी पहिली येते बघ," ती हसत म्हणायची. पण परीक्षा जवळ येत चालली तसं तिचं हसूही अर्ध्यावर थांबू लागलं. बाईंच्या ते लक्षात आलं होतं.

कॉलेजची स्वतःची बस चालू झाली, की या सगळ्या जणींना वर्ग संपल्यावर घरी सोडता येणार होतं. संस्थेच्या अध्यक्षा रोखठोक बाई होत्या. त्यांनी प्राचार्यांच्या खोलीत निकाल देऊन टाकला होता. "खुल्या दिवशी माझ्यासमोर चालली, तर डिझेल आणि ड्रायव्हर संस्थेचा. नाही चालली तर दुसऱ्या दिवशी भंगारात. किती दिवस बघायचं तिच्याकडे?"

"बघू," प्राचार्य म्हणाले. ते प्रत्येक गोष्टीला बघू म्हणत.

खुला दिवस म्हणजे सगळ्या वर्गांनी आपापली करामत लोकांपुढे मांडायचा दिवस. त्याच्या आठवडाभर आधी अंक आला. मास्तर वर्कशॉपमध्ये तेलकट हातांनी तो वाचत होते आणि वाचता वाचता त्यांचा चेहराही तसाच होत गेला. बातमी अशी होती: 'मोटार दुरुस्ती वर्गाने तयार केलेली बस खुल्या दिवशी पहिल्याच किल्लीला सुरू झाली. रुग्णसेवा वर्गाच्या विद्यार्थिनींना घेऊन तिने मैदानाला फेरी मारली. अध्यक्षांनी हातभार लावला. सर्वांच्या सहकार्याने कार्यक्रम उत्साहात पार पडला.'

मास्तर तसेच कचेरीत आले.

"पहिल्याच किल्लीला? कुणी सांगितलं तुला?"

"कुणी कशाला सांगायला हवं? बातमी आहे ती."

"अगं, इंजिन अजून टेबलावर आहे!"

"मग उतरवा. मला आता काही करता येणार नाही, छापून झालंय."

"इंजिनाला वाचता येतं का?"

"अहो, तुम्हाला येतं ना? पुरे झालं."

मास्तर पाय आपटत गेले. बाई मात्र नंतर बराच वेळ त्याच ओळीकडे बघत बसल्या. शिवणवर्गाला गर्दी जमवता येते, वक्त्याला खाली बसवता येतं. पण यंत्राला भीड नसते, हे त्यांनाही कळत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी अशी बातमी छापली होती, जी खरी व्हावी म्हणून त्या देवाला विनवत होत्या.

वर्गाने मात्र ती बातमी मनावर घेतली. अंक वर्कशॉपच्या भिंतीवर चिकटवला गेला. कुणी सुट्टी काढून आलं, कुणी कामावरून परस्पर आलं. रिक्षावाले, कुलूपवाले, एक निवृत्त पोस्टमन, सगळे त्या इंजिनावर असे वाकले होते की बारसं असावं. खुल्या दिवसाच्या आदल्या दुपारी इंजिन बसमध्ये बसलं, मास्तरांनी किल्ली फिरवली, आणि बस सुरू झाली. पहिल्याच किल्लीला. मास्तर इतके खुशीत घरी आले की येताच त्यांनी नळ दुरुस्त केला. बाई रात्रभर थेंबाच्या आवाजावाचून तळमळल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मैदान फुललं. घोषणा करायचं काम अर्थातच बाईंचं. पण मैदानावरचे सगळे प्लग पाककलेच्या वर्गाने ओव्हनसाठी बळकावले होते. बाईंचा भोंगा मुका. त्यांनी वायरमनच्या वर्गाकडे तक्रार केली. वर्गाने तत्परतेने कुठूनशी एक वायर ओढून आणून भोंग्याला जोडली. वीज कुठून आली हे विचारणं बाईंना सुचलं नाही. बातमी कुठून येते हेही त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

मग जी वाणी सुरू झाली ती काय विचारता! केस फुकट कापून मिळतील. निळी छत्री सापडली आहे. काळी छत्री हरवली आहे. पुढच्या महिन्यात मातीकामाचा नवा वर्ग. संगणकवाल्या आजीबाईंनी नातवाला निरुत्तर केल्याबद्दल अभिनंदन. निळी छत्री अजून इथेच आहे. दुपार झाली तरी बाई थांबल्या नाहीत, आणि खरं सांगायचं तर ऐकणाराही कुणी कंटाळला नाही. आपल्या वर्गाचं नाव भोंग्यावर आलं की माणसं हातातलं काम सोडून एकमेकांकडे बघत आणि उगीचच पाठ ताठ करत.

शेवटी तो क्षण आला. अध्यक्षा पहिल्या रांगेत. रुग्णसेवेच्या विद्यार्थिनी बसमध्ये, नणंद खिडकीपाशी, पिशवी मांडीवर घट्ट धरून. मास्तर ड्रायव्हरच्या जागी. बाई भोंग्यावर.

"आणि आता, ज्या क्षणाची आपण सर्व जण वाट पाहत होतो..."

मास्तरांनी किल्ली फिरवली. टक.

पुन्हा फिरवली. टक.

"...पहिल्याच किल्लीला..." बाईंचा आवाज विहिरीतून आल्यासारखा होत गेला आणि विझला.

मास्तर खाली उतरले. त्यांनी बॅटरीची पेटी उघडली. पेटीतून एक वायर बाहेर आली होती. मास्तरांची नजर त्या वायरीबरोबर निघाली. झाडाखालून, पाककलेच्या टेबलामागून, केस कापायच्या खुर्च्यांना वळसा घालून ती भोंग्यापर्यंत आली, आणि तिथून आपल्या बायकोच्या हातातल्या माइकवर येऊन थांबली.

सकाळपासून आपण बोललो तो एकेक शब्द बाईंना आठवला. निळ्या छत्रीसाठी त्यांनी नणंदेची परीक्षा खर्ची घातली होती. 'चूक माझी आहे, बस चांगली आहे,' असं त्यांनी माइकमध्ये सांगितलं. पण भोंगा पार मेला होता.

"काय मास्तर, नाही ना चालत?" अध्यक्षांनी विचारलं. प्राचार्य "बघू" म्हणायला तोंड उघडून तसेच राहिले. खिडकीतली नणंद पिशवी उचलून उठायच्या बेतात होती. उठून निघायची तिला सवयच होती.

मास्तरांनी एकवार तिच्याकडे पाहिलं. मग खिशातून अंक काढला.

"बातमीत काय म्हटलंय?" ते मोठ्याने म्हणाले. त्यांना भोंगा लागत नसे. "शेवटची ओळ वाचली का कुणी? सर्वांच्या सहकार्याने! मग सर्व कुठे आहेत?"

मग पिठाच्या हातांनी पाककलेचा वर्ग आला. सुतार आले. गळ्यात टेप घालून शिवणवर्ग आला. केस कापणारे आले, आणि त्यांच्यामागून अर्धे केस कापलेलं गिऱ्हाईकही. रिक्षावाले, पोस्टमन, आजीबाई, सगळ्यांनी बसच्या पाठीला हात लावले. बाई माइक टाकून धावल्या आणि मागच्या दिव्यापाशी जागा करून घेतली.

"दादा, मी पण उतरते!" नणंद खिडकीतून ओरडली.

"तू बस गं. बातमीत तू आत आहेस."

अध्यक्षांनी अंक मागून घेतला, चष्मा लावून वाचला. 'अध्यक्षांनी हातभार लावला.' त्यांनी एक उसासा टाकला, पर्स प्राचार्यांच्या हातात दिली आणि बाईंच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "माझ्याबद्दल पुढे काय लिहिलंय ते आत्ताच सांगा," त्या म्हणाल्या. प्राचार्य पर्सकडे बघत राहिले. मग ती त्यांनी गळ्यात अडकवली आणि तेही आले. आता बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"क्लच दाबलाय!" मास्तर आतून ओरडले. "लावा जोर!"

बस आधी हललीच नाही. मग हलली, म्हाताऱ्या माणसासारखी, उपकार केल्यासारखी. मग चाकांना आठवलं. माणसं वाकून, धापा टाकून ढकलत होती. कुणी कुणाचं नाव विचारत नव्हतं, कुठला वर्ग विचारत नव्हतं. मास्तरांनी क्लच सोडला. बसने एक सणसणीत हिसका दिला, सगळ्यांच्या तोंडावर काळ्या धुराचा लोट सोडला, आणि इंजिन धडधडायला लागलं.

बस मैदानाला फेरी मारत होती आणि अख्खं कॉलेज अजून तिच्यामागे धावत होतं. थांबा म्हणून कुणी सांगितलंच नव्हतं. अध्यक्षाही धावत होत्या. तोंड काळं, केस विस्कटलेले, आणि हसू असं की त्या कधीकाळी शाळेत जात असाव्यात हे पहिल्यांदाच पटावं.

"डिझेल उद्यापासून," धाप ओसरल्यावर त्या म्हणाल्या. मग बाईंकडे वळून, "पण काय हो, पहिल्याच किल्लीला?"

"पुढच्या अंकात चूक कबूल करते," बाई म्हणाल्या. "वायरीसकट."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रुग्णसेवेचा वर्ग शेवटपर्यंत चालला. बाहेर बस उभी होती, इंजिन चालूच. नवी बॅटरी आली होती, पण मास्तरांचा तिच्यावर अजून विश्वास बसला नव्हता, आणि बायकोवर तर नव्हताच. बाई पुढच्या सीटवर बसल्या होत्या, आसपास एकही वायर नाही याची त्यांनी तपासून खात्री केली होती.

नणंद चढली आणि थेट भावाकडे गेली. बॅटरीच्या पेटीच्या पत्र्याने आदल्या दिवशी त्यांचा अंगठा कापला होता.

"दादा, हात दे."

"तुला अर्धीच येते ना?"

"दे म्हणते ना!"

ती सावकाश पट्टी गुंडाळू लागली. अर्ध्यावर आल्यावर तिचे हात सवयीने थबकले, तिने दाराकडे पाहिलं, आणि मग तिचं तिलाच हसू आलं. बस इथेच होती. ती पुढे गुंडाळत गेली.

बाईंनी कागद काढला. पेन्सिल टेकवली. बातमी डोक्यात तयार होती, पहिल्या शब्दापासून शेवटच्या टिंबापर्यंत. पण त्या थांबल्या. नणंदेने पट्टीचं टोक दुमडलं, आत खोवलं, गाठ मारली, ओढून पाहिली.

"झाली," ती म्हणाली.

मग बाईंनी लिहायला सुरुवात केली.