अँबॅसेडरचा नंदी

लग्न झालं तेव्हा आमचे हे, म्हणजे बबनराव, म्हणाले होते, की बाबांची अँबॅसेडर दुरुस्त करीन आणि तुला पुढच्या सीटवर बसवून नागपूरला नेईन. गाडी यंदा चालू झाली. मधल्या काळात मला नातही झाली.

नागपूरला जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते. तीत जायचं तर बॉनेटवरचं चिन्ह, दारांच्या पट्ट्या, चाकांच्या टोप्या, सगळं कंपनीतून आलेलं तेच लागतं. आमच्या गाडीवरून ते कधीच नाहीसं झालेलं. बबनरावांनी पुलगावपासून नागपूरपर्यंत भंगाराची दुकानं पालथी घातली आणि जे चकाकेल ते गाडीला ठोकलं.

पोळ्याच्या दिवशी मिरवणुकीवाल्यांकडून गाडीच्या तपासणीला अंकिता मॅडम आल्या. पट्टीवर नख मारून म्हणाल्या, "काका, ही फ्रिजची आहे."

"जुन्याच फ्रिजची हाय," बबनराव म्हणाले.

चाकावरची एक टोपी तर माझी परात निघाली. दिवाळीपासून मी ती शोधत होते.

मॅडमनी नकारार्थी मान हलवली. मला खरंच रडू येत होतं, पण सणाला आलेलं माणूस उपाशी कसं पाठवायचं? पुरणपोळी खायला घरात बोलावलं.

ओसरीवर आमची नात खुशी तिचा लाकडी नंदी पुसत होती. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, पोरं आपापले चाकांवरचे नंदी सजवून नेतात. आमचा नंदी कमरेएवढा. त्याला पाहताच मॅडम गुडघ्यांवर बसल्या. बबनरावांना तो भक्तिभाव वाटला. त्यांनी कुंकवाचं ताट पुढे केलं.

मॅडमनी बॅटरी लावली. कपाळावर बॉनेटचं चिन्ह, पोटाला दारांच्या पट्ट्या, चारही चाकांवर टोप्या. "सगळं अस्सल," त्या हळूच म्हणाल्या.

हे सासऱ्यांचं काम. लेकाचा नंदी शेजाऱ्यापेक्षा उजवा दिसावा म्हणून त्यांनी गाडी सोलली होती. आणि तो लेक, म्हणजे आमचे हे, आजवर दर पोळ्याला त्याच पट्ट्या घासत आला. काखेत कळसा, गावाला वळसा.

बबनराव पट्ट्यांचे स्क्रू काढायला धावत पेचकस घेऊन आले. खुशीनं नंदीच्या गळ्याला मिठी मारली.

माझं तोंड कुठे ऐकतं? "अवो, आज पोळा हाय. आज बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाई, अन् तुमी त्याचे दागिने उतरवून राह्यले?"

ते जागीच थांबले. शेतकरी माणूस. पेचकस खिशात घातला. "राहू द्या मॅडम. आमची गाडी येत नाई."

माझ्याच तोंडानं माझं नागपूर गेलं. तरी त्या घडीला मला हा माणूस फार आवडला.

मॅडमनी दुसरी पोळी तुपात बुडवली. "भाग अस्सल हवेत आणि गाडीसोबत हवेत, एवढाच नियम आहे. बैलावर नकोत असं कुठे म्हटलंय?"

रविवारी निघालो. नंदी टपावर ठेवला तर पट्ट्या खरचटतील, मागे ठेवला तर शिंगं मावेनात. शेवटी बबनरावांनी पुढच्या सीटवर टॉवेल अंथरला, नंदीला उभं केलं आणि दार हलकेच लावलं. माझ्यासाठी दार असं कधी कोणी लावलं नाही.

मी मागे बसले. वर्धा ओलांडल्यावर त्यांनी आरशातून विचारलं, "काऊन वं, दिसून राह्यलं ना पुढचं?"

"शेपूट दिसून राह्यलं," मी म्हणाले.