बापाच्या नावाची डबी

शिवदासला वर्षातून एकच दिवस बसून पगार मिळायचा, आणि तो दिवस त्याच्या पोराने, आकाशने, मिळवून दिला होता. एवढं पुण्य आकाशच्या नावावर आहे. बाकीचं आता ऐका.

मुलुंडच्या पलीकडे डोंगर पोखरून केलेली एक दगडखाण आहे. तिथे दगडाची खडी करणारं मोठं यंत्र आहे, त्याला सगळे क्रशर म्हणतात. हिंगोलीकडून आलेला शिवदास त्या क्रशरवर एकोणीस वर्षं उभा होता. संध्याकाळी भांडुपच्या टेकडीवर घरी परतला की बायको, शांताबाई, त्याला दारातच थांबवायची आणि अंगावर दोन बादल्या पाणी ओतायची. धुळीखालून शिवदास निघायचा. या धुळीतूनच त्याने पोराला बी.एस्सी. केलं. पोरगा अंधेरीच्या एका प्रयोगशाळेत नोकरीला लागला. कारखान्यांत, खाणींत जायचं आणि कामगाराच्या नाकातोंडात किती धूळ जाते ते मोजायचं, हे त्याचं काम. शिवदास वस्तीत छाती काढून सांगायचा, "माझा आकाश हवा तपासतो."

मोजायची रीत सोपी असते. कामगाराच्या पट्ट्याला एक छोटा पंप लावायचा, त्याची नळी गळ्याशी आणून चिमट्याने कॉलरला अडकवायची. नळीच्या टोकाला रुपयाएवढा गोल पांढरा कागद. पंप आठ तास हवा ओढतो, धूळ कागदावर बसते. कागद आधी तोलायचा, नंतर तोलायचा. मग तो एका पारदर्शक डबीत बंद करायचा आणि डबीवर कामगाराचं नाव, काम, तारीख लिहायची. यात कुणी खोटं बोलायचं ठरवलं तरी कागद खोटं बोलत नाही. तो काळा पडायचा तेवढा पडतो.

आकाशच्या पहिल्याच वर्षी ही खाण प्रयोगशाळेकडे आली. बापाचीच खाण. त्याने हौसेने पंप बापालाच लावला आणि आठ तास क्रशरच्या बाजूला उभा राहिला. संध्याकाळी कागद काढला तर तो तव्याच्या बुडासारखा झाला होता. धूळ मर्यादेच्या सहापट निघाली. आकाशने आकडा तीनदा तपासला आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला.

साहेब म्हणजे अनिरुद्ध. विलेपार्ल्याचा माणूस, आवाज कधी चढायचा नाही. त्यांनी आकडा पाहिला, चष्मा काढून पुसला.

"आकाश, मालकांनी फवारे बसवलेत, धूळ अडवायचा पडदा बांधलाय. फोटो आहेत माझ्याकडे. मग आकडा कमी नको यायला?"

"सर, फवाऱ्यांना पाणीच नाही. पडदा फाटलाय."

"ते तुझं खातं नाही रे. तू नमुना परत घे. आणि जरा डोकं वापर ना. क्रशरवाला दिवसभर क्रशरवरच असतो का? जेवतो, चहा पितो, सावलीत बसतो. ते पण मोजायला पाहिजे की नको?"

दुसऱ्या आठवड्यात आकाशने पुन्हा पंप बापालाच लावला, आणि त्याला गेटवरच्या पहारेकऱ्याच्या केबिनमध्ये बसवलं. पंखा चालू, खिडक्या बंद. मालकाकडून जेवण आलं, दोनदा चहा आला. शिवदासला कोण आनंद झाला! इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो भर दुपारी खुर्चीत बसला होता. कागद जवळजवळ पांढरा निघाला. अहवालात लिहिलं गेलं: शिवदास, क्रशर चालक, आठ तास, धूळ मर्यादेच्या आत. खाली 'नमुना घेणारा' म्हणून आकाशची सही. अनिरुद्धसाहेबांची सही कुठेच नव्हती, ते लिहिण्यापेक्षा सांगणारे होते. खाणीला 'धूळमुक्त खाण' म्हणून ढाल मिळाली, आणि ती ढाल मालकाच्या केबिनमध्ये ठेवली, म्हणजे धूळ बसायची ती तिच्यावरही बसली.

पहिला काळा कागद टाकून द्यायला सांगितला होता. आकाशने तो टाकला नाही. डबी घरी आणून कपाटात कागदपत्रांखाली ठेवली. कधीतरी उपयोगी पडेल, असं त्याने मनाशी म्हटलं. भित्र्या माणसाचं सगळं शौर्य या 'कधीतरी'त राहतं.

पुढची दोन वर्षं तेच झालं. पंप, केबिन, जेवण, दोन चहा. आकाशला यात पाप वाटण्याऐवजी माया वाटू लागली. निदान एक दिवस तरी अप्पांना धुळीतून बाहेर काढतो, असं तो शीतलला, बायकोला, सांगायचा. उरलेल्या दिवसांचं ती विचारायची नाही आणि तोही सांगायचा नाही.

तिसऱ्या वर्षी शिवदासला टेकडीच्या पायऱ्या चढवेनात. आधी मध्ये एकदा बसायचा, मग चारदा, मग खालूनच पोराला हाक मारायचा. दवाखान्यात टीबी म्हणून सहा महिने गोळ्या दिल्या. थुंकीत काही सापडलं नव्हतं, तरी दिल्या. केसपेपरवर कुणीतरी लिहून ठेवलं, 'बिडी ओढतो'. शिवदासने जन्मात बिडीला हात लावला नव्हता. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली त्याने लग्नात घेतलेली शपथ होती ती. त्या दोन शब्दांनी तो जितका खचला तितका खोकल्याने नव्हता खचला.

शेवटी मोठ्या रुग्णालयातल्या एका डॉक्टरने छातीचा फोटो उजेडाला धरला आणि सांगितलं, ही दगडाची धूळ आहे, फुप्फुसात दगड झालाय. वैद्यकीय मंडळापुढे जा. खाणीमुळे आजार झाला असं त्यांनी लिहून दिलं, तर घरी ऑक्सिजनचं यंत्र मिळेल, महिन्याला निवृत्तिवेतन मिळेल. आजार बरा होणार नाही, पण गुदमरणं तरी कमी होईल.

"यंत्र मिळो न मिळो," शिवदास म्हणाला, "ती बिडी खोडा म्हणावं. मेलो तरी दगडाने मेलो असं लिहा."

मंडळाची तारीख आली त्या सकाळी अनिरुद्धसाहेबांचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच मऊ.

"वडिलांना बरं वाटू दे रे. फक्त एक लक्षात ठेव. अहवालावर सही तुझी एकट्याची आहे. उद्या कुणी खोटं म्हणालं तर खटला तुझ्यावर होईल, खाणीवर नाही. आणि मग या धंद्यात तुला कोण उभं करणार? शीतलला कितवा महिना?"

"सातवा, सर."

"जप."

मंडळाच्या खोलीत एक लांब टेबल होतं आणि मध्ये डॉक्टर दर्शना बसल्या होत्या. बाई वाईट नव्हत्या, हेच वाईट. त्यांनी शिवदासला स्वतः खुर्ची ओढून दिली, त्याचा श्वास जागेवर येईपर्यंत थांबल्या, फोटो नीट पाहिला. मग खाणीकडून आलेली फाईल उघडली.

"फोटोवरून धुळीचा आजार वाटतो. पण जुन्या टीबीचे डागही असेच दिसतात. म्हणून मी खाणीतल्या धुळीची मोजणी मागवली. तीन वर्षांची आहे." त्यांनी पान वळवलं. "शिवदास, क्रशर चालक. म्हणजे मोजणी तुमच्यावरच झालीय की. तिन्ही वेळा धूळ मर्यादेच्या आत."

बोलायला लागणारा श्वास शिवदास राखून ठेवत होता.

"खाली सही कुणाची आहे ही? आकाश..." त्यांनी आडनाव वाचलं आणि मान वर केली. "तुम्ही?"

"हो मॅडम. मी मुलगा."

खोलीतल्या दुसऱ्या डॉक्टरने एकदम त्याच्याकडे पाहिलं. दर्शनाबाईंनी फाईल बंद केली नाही, उलट त्याच्यापुढे सरकवली.

"हे बघा, या आकड्यांविरुद्ध काही असेल तर आत्ता द्या. एखादी चिठ्ठी, एखादा जुना नमुना, काहीही. मी आजार खाणीचा म्हणून लिहायला तयार आहे. पण माझ्या हातात काहीतरी पाहिजे. आज निकाल लिहिला की मला मागे येता येणार नाही. आणि काही नसेल, तर हे आकडे मान्य म्हणून इथे सही करा."

आकाशने पेन काढायला खिशात हात घातला, आणि बोटांना डबी लागली.

ती त्याने आणली नव्हती. ती कपाटात होती, कागदपत्रांखाली. न बघताही त्याला कळलं, गोल, थंड, कडेला चिकटपट्टी लावलेली. तिच्यावर त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं: शिवदास, क्रशर, पूर्ण पाळी. टेबल दोन हातांवर होतं. डबी ठेवायला एक श्वासही लागला नसता. त्याला खटला दिसला, पोलीस दिसले, शीतलचं पोट दिसलं. बापही दिसला, कारण तो शेजारीच बसला होता आणि त्याच्या खिशाकडे बघत होता.

आकाशने पेन बाहेर काढलं.

"काही नाही, मॅडम."

त्याने सही केली. नेहमीसारखी नीट, गोलाकार सही. दर्शनाबाईंनी निकाल लिहिला: खाणीतील कामाशी आजाराचा संबंध सिद्ध होत नाही. धूम्रपानाचा इतिहास.

दोघं रिक्षाने घरी निघाले. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा शिवदास म्हणाला,

"डबी खिशातच होती ना रे?"

आकाशने बाहेर पाहिलं.

"मीच ठेवली होती सकाळी. पेनाच्या बाजूला. म्हटलं, तुला काढायला सोपं पडेल." मध्ये त्याला दम घ्यावा लागला. "दोन वर्षं झाली, रेशनकार्ड शोधताना सापडली होती. माझं नाव मला वाचता येतं, लेका. विचारलं नाही. वाटलं, तू आपणहून काढशील."

"अप्पा, माझी नोकरी गेली असती. जेलमध्ये गेलो असतो मी."

"हां," शिवदास म्हणाला. "तेही खरंच."

त्याने त्यापुढे कधी तो विषय काढला नाही, आणि आकाशला वाटलं, अप्पांनी माफ केलं. पोरांना तसं वाटतं. शिवदासने माफ केलं नव्हतं, त्याच्याजवळ भांडायला वारा उरला नव्हता. दिवाळीनंतर दीड महिन्याने, सकाळी दहाच्या उन्हात, दाराशी बसल्या बसल्या तो गुदमरून गेला. जायला पाऊण तास लागला, आणि त्या पाऊण तासात तो शांताबाईकडे बघत होता, नातवाकडे बघत होता, पोराकडे त्याने पाहिलं नाही. दवाखान्यातला तरुण डॉक्टर मृत्यूचा दाखला भरताना जुना केसपेपर समोर ठेवून बसला.

"बिडी किती वर्षं ओढत होते?"

शांताबाई दारातून ओरडली, "नाही हो, कधीच नाही!" पण डॉक्टरने उत्तरासाठी शिकल्यासवरल्या माणसाकडे पाहिलं. मंडळाच्या निकालाची प्रत आकाशच्या हातात होती. दोन कागदांवर दोन गोष्टी आल्या तर कुणीतरी विचारेल, एवढंच त्याच्या डोक्यात आलं.

"लिहा त्यात आहे तेच," तो म्हणाला.

फाल्गुनात खाणीची मोजणी पुन्हा आली. फवारे अजून कोरडे, पडद्याचा आता नुसता बांबूचा सांगाडा उरला होता. केबिनमध्ये पंखा चालू होता, खिडक्या बंद होत्या आणि खुर्चीत भाऊ बसला होता. भाऊ शिवदासच्या जोडीला बारा वर्षं क्रशरवर होता, आता त्याच्या जागेवर होता. आकाशला बघून तो उठून उभा राहिला, हात झटकून शर्टाची कॉलर सरळ केली.

"यंदा माझा नंबर, होय ना? शिवदास सांगायचा, झकास दिवस असतो म्हणून. जेवण येतं ना?"

"येतं."

"तुझा बाप लई अभिमानाने सांगायचा रे. 'माझं पोरगं वर्षातून एक दिवस मला वाचवतं.'" भाऊला खोकला आला. तो वाकून खोकला, डोळे पुसले आणि पुन्हा छाती पुढे करून उभा राहिला. "लाव. बापाला लावायचास तसा लाव."

आकाशने चिमटा कॉलरला अडकवला, पंप सुरू केला, आणि नव्या डबीवर भाऊचं नाव लिहिलं. खाली लिहिलं, क्रशर चालक.